घरपट्टीच्या पावतीवर कुणाचं नाव?

(खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज सकाळच्या पहिल्याच सत्राचा विषय ‘घरपट्टी’ असा फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज मला ऐकू आली. काल दिवसभर आपण मारहाणीवर बोललो, परित्यक्ता बायांच्या पोटगीवर बोललो. रात्री गाणी म्हटली. आणि आज मध्येच हे पट्टीचं काय काढलं? पट्टी म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई, मार्चअखेरची दवंडी आणि घरातल्या पुरुषाच्या खिशातली पावती. बाईचा त्यात संबंध काय?

मलाही असंच वाटायचं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, दोन वर्षं समुपदेशन शिकले, समूहकार्य शिकले, कायद्यांची कलमं पाठ केली. पण नमुना नंबर आठ म्हणजे काय, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. ते मला एका मावशींनी दाखवलं, आणि तेही माझ्या चुकीमुळे. म्हणून आधी ती चूकच सांगते.

मावशींची ट्रंक

मराठवाड्यातल्या ज्या तालुक्यात मी काम करते, तिथे पहिल्याच वर्षी एक विधवा मावशी आमच्या केंद्रावर आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. सासरच्याच घरात, मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. आता दीर म्हणत होता, खोल्या रिकाम्या कर, मुलाचं लग्न करायचंय. मावशींनी येताना पत्र्याची लहान ट्रंक आणली होती. तीत घडी घालून ठेवलेल्या अकरा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. दीर पट्टी भरत नसे. शिपाई दारात येई, आणि अब्रूला भिऊन मावशी शेळी विकून, कधी खुरपणीचे पैसे देऊन पट्टी भरत. सगळ्या घराची, फक्त आपल्या दोन खोल्यांची नव्हे.

मी त्या पावत्या पाहिल्या आणि मोठ्या विश्वासानं म्हणाले, “मावशी, घाबरू नका. पावत्या आहेत ना? मग घर तुमचं.”

वकिलाकडे गेलो. त्यांनी एक पावती उचलली आणि मला विचारलं, “ताई, यावर नाव कुणाचं आहे ते वाचलंत का?” मी वाचलं नव्हतं. अकराही पावत्यांवर दिराचं नाव होतं. पैसे मावशींचे, नाव दिराचं. आणि वकील पुढे म्हणाले, नाव मावशींचं असतं तरी नुसत्या पावतीनं मालकी सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीची नोंद कर वसूल करण्यासाठी असते, मालकी ठरवण्यासाठी नसते. न्यायालयांनी हे वेळोवेळी सांगितलेलं आहे.

मावशी काही बोलल्या नाहीत. पावत्या परत घडी घालून ट्रंकेत ठेवल्या. त्या दिवशी मला माझ्या पदवीची लाज वाटली. ज्या कागदावर बाईनं अकरा वर्षं विश्वास टाकला, तो कागद काय आहे हे तिला माहीत नव्हतं. आणि तिला धीर द्यायला बसलेल्या मलाही माहीत नव्हतं.

मावशींचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा कागद समजून घेऊ.

पट्टी येते कुठून?

आपल्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आहे. त्याच्या कलम १२४ नं ग्रामपंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. कर कसा बसवायचा याचे नियम १९६० सालचे आहेत. आपण ज्याला सरसकट ‘घरपट्टी’ म्हणतो त्या बिलात नीट पाहा, तीन-चार ओळी असतात. घराचा कर, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाईचा कर, आणि पाणीपट्टी. प्रत्येक ओळ वेगळी वाचायची. दिवाबत्तीचे पैसे घेतात, तर तुमच्या वस्तीच्या वाटेवर दिवा आहे का? आमच्या एका गावात बायांनी हाच प्रश्न ग्रामसभेत विचारला. पहाटे आणि रात्री ज्या वाटेनं बाया बाहेर जातात, त्या वाटेवर एकही खांब नव्हता. चौकात, पुढाऱ्यांच्या दारात मात्र लख्ख उजेड. बायांनी नुसत्या पावत्या दाखवल्या आणि म्हणाल्या, “दिव्याचे पैसे आमच्याकडूनही घेतलेत.” दोन महिन्यांत तीन खांब उभे राहिले. त्यासाठी मोर्चा काढावा लागला नाही.

आता कर किती, हे कसं ठरतं? ३१ डिसेंबर २०१५ ला नियमांत बदल झाला आणि भांडवली मूल्यावर कर आला. शब्द अवघड वाटतो, पण हिशोब आपल्या बचत गटाच्या वहीपेक्षा अवघड नाही. जागेची किंमत अधिक बांधकामाची किंमत. बांधकाम जुनं असेल तर त्यातून घसारा वजा. मग घराचा वापर कशासाठी आहे त्याचा भारांक. जे मूल्य येईल त्यावर दर हजार रुपयांमागे काही पैसे, असा कर. शासनानं दराची खालची आणि वरची मर्यादा ठरवलेली आहे. त्या मर्यादेत दर ठरवणं ग्रामपंचायतीच्या हातात असतं.

फळ्यावर एक उदाहरण करू. आकडे मनाचे आहेत, फक्त रीत समजण्यासाठी. समजा घर ५० चौरस मीटरचं आहे. जागेचा दर चौरस मीटरला ४०० रुपये धरला, तर जागेचे झाले २०,०००. बांधकामाचा दर १०,००० धरला आणि घर जुनं म्हणून शंभरातले सत्तरच मोजले, तर बांधकामाचे झाले ३,५०,०००. दोन्ही मिळून ३,७०,०००. घर फक्त राहण्यासाठी आहे, म्हणून भारांक १, म्हणजे आकडा तोच राहिला. हजाराला ७५ पैसे दर असेल तर कर आला २७७ रुपये ५० पैसे. इतकंच.

म्हणजे चूक कुठे होऊ शकते ते बघा. क्षेत्रफळ जास्त लावलं, चूक. मातीचं घर पक्कं म्हणून लिहिलं, चूक. तीस वर्षांचं घर दहा वर्षांचं दाखवलं, चूक. एखादी बाई घरात शिलाई मशीन चालवते किंवा पापड लाटते म्हणून घराला धंद्याचा भारांक लावला, तर तिथेही विचारायला हवं. एकदा केलेली आकारणी चार वर्षं चालते, मग नव्यानं होते. नव्यानं होते तेव्हा यादी लोकांसमोर लावून हरकती मागवाव्या लागतात. ती यादी कधी लागली आणि कधी निघाली, हे बायांना कळतच नाही, कारण ती पंचायतीच्या भिंतीवर लागते आणि पंचायतीच्या ओट्यावर पुरुष बसलेले असतात. बिल चुकीचं वाटलं तर मुदतीत पंचायत समितीकडे अपील करता येतं. आरडाओरडा करून पट्टी कमी होत नाही. अर्ज लिहून, पोच घेऊन होते.

नमुना आठचे दोन रकाने

आता खरा कागद. तो म्हणजे नमुना आठ. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. तिच्यावरून मागणीची नोंदवही बनते, तो नमुना नऊ. आणि पैसे भरल्यावर जी पावती मिळते तो नमुना दहा. मावशींच्या ट्रंकेत होते ते सगळे नमुना दहा. मूळ कागद नमुना आठ, तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

नमुना आठमध्ये नावाचे दोन रकाने असतात. एक मालकाचं नाव. दुसरा भोगवटा करणाऱ्याचं नाव, म्हणजे प्रत्यक्षात राहतो कोण. आमच्या भागातल्या काही गावांत आम्ही गटाच्या बायांबरोबर बसून हे उतारे वाचले. पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पुरुषाचं नाव. कित्येक ठिकाणी तर मरून वीस वर्षं झालेल्या आजोबांचं. आणि दुसऱ्या रकान्यात एकच शब्द, ‘स्वतः’.

मैत्रिणींनो, हा ‘स्वतः’ कोण? जमीन सारवते कोण, पाणी भरते कोण, पावसाळ्याआधी पत्र्यावर दगड ठेवते कोण? नवरा मुंबई-पुण्याला मजुरीला, घरात बाई आणि लेकरं, आणि भोगवट्याच्या रकान्यात ‘स्वतः’ म्हणजे तो! एका गावात एका आजींनी हे वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मी काय सोयरी आलेय व्हय?” सगळ्या हसल्या. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

बाईचं नाव लागत नाही असं कायदा म्हणत नाही. ग्रामविकास विभागानं २००३ साली घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय काढला होता. त्यासाठी अनेक संघटनांनी गावोगाव प्रयत्न केले. त्याआधी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतजमीन बायांच्या नावे करण्याचा आग्रह धरला, तो इतिहास आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना माहीत आहे. २०१६ पासून पंतप्रधान आवास योजनेचं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचं, असं धोरण आहे. पण आम्ही पाहिलं, मंजुरीच्या कागदावर बाईचं नाव असतं, आणि घर उभं राहून ग्रामपंचायतीच्या वहीत चढतं तेव्हा नाव परत नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. का, तर ‘जागा त्यांची’. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना बाईचं नाव गळतं. हे कुणी मुद्दाम कट करून करतं असंही नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला तीच सवय असते, आणि विचारायला आपण तिथे नसतो.

पट्टी थकली की बाई मोजली जाते

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती इथे बसलेल्या पंचायत सदस्यांनी कान देऊन ऐकावी.

१९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. आमच्या भागात एक बाई अशीच निवडून आली. वस्तीवरच्या पाण्यावर पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली ती हीच. टँकर कुठे रिकामा होतो हे तिनं सगळ्यांसमोर विचारलं. वर्षभरात तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार गेली, हिच्या घराची पट्टी थकली आहे, हिला अपात्र करा.

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ पाहा. पट्टीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत जो पैसे भरत नाही, तो सदस्य राहायला अपात्र. इथपर्यंत ठीक आहे. गावाचा कारभार करणाऱ्यानं गावाची पट्टी भरलीच पाहिजे. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण पुढे सांगतं, अविभक्त हिंदू कुटुंबातल्या, किंवा रूढीनं एकत्र मिळकत वा एकत्र राहणं असलेल्या गटातल्या एकानं पट्टी थकवली, तर त्या कुटुंबातले सगळेच अपात्र.

या बाईचं घर सासऱ्याच्या नावावर. बिल घेतलं होतं थोरल्या दिरानं आणि ते कोनाड्यात ठेवून दिलं होतं. हिची चूल पाच वर्षं वेगळी होती, पण चूल वेगळी झाल्याचा कागद कुठला? रेशनकार्डही एकच. सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले होते. बाहेर पायरीवर बसून ती मला म्हणाली, “ताई, भांडण झालं की घरात तुझं काही नाही म्हणतात. मग पट्टी माझी कशी झाली?”

तिचं सदस्यत्व गेलं. अडीच-तीनशे रुपयांच्या पट्टीपायी.

मी त्या दिवसापासून हा प्रश्न सगळीकडे विचारते आहे. घरावर हक्क सांगायची वेळ आली की बाई परकी. घराची थकबाकी मोजायची वेळ आली की बाई कुटुंबातली. वहीत नाव नाही, पण दंडात वाटा आहे. आपल्याला काही जणी म्हणतात, घरावर नाव लावून घेतलं तर पट्टीची जबाबदारी अंगावर येईल, नको ती कटकट. त्यांना मी हीच गोष्ट सांगते. जबाबदारी आधीच अंगावर आहे. मागायचं राहिलं आहे ते नाव.

पंचायतीतल्या मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. सासरच्या सगळ्या मिळकतींचं बिल कुठे आहे ते शोधा, फक्त आपल्या खोलीचं नाही. थकबाकी असेल तर भरा आणि पावती स्वतःजवळ ठेवा. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर उमेदवारी अर्जाच्या ठरलेल्या दिवसाआधी भरलेलं असलं की हे कलम लागत नाही. आणि बिल कुणाच्या हातात, कोणत्या तारखेला दिलं, हे लिहून ठेवा. तीन महिने त्या तारखेपासून मोजतात, म्हणून बिल खरंच बजावलं होतं का, यावर प्रकरण फिरू शकतं. आमच्या बाईच्या वेळी हे आम्हाला उशिरा कळलं.

एक कोयता, एक पट्टी

आमच्या तालुक्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. इथल्या कितीतरी जणींनी ते आयुष्य काढलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, नाव नवऱ्याचं. पट्टीचंही तेच. ग्रामपंचायतीची वसुली जोरात चालते मार्चअखेर. रिक्षावर भोंगा लावून थकबाकीदारांची नावं पुकारतात. त्या वेळी ही माणसं कुठे असतात? फडात. चैत्र-वैशाखात गावी परत येतात तेव्हा थकबाकीवर दंड चढलेला असतो.

मग जूनमध्ये लेकराच्या शाळेसाठी किंवा निराधार योजनेच्या अर्जासाठी बाई दाखला मागायला जाते. “आधी पट्टी भरा.” पुरुष जात नाही, बाईला पाठवतो. ओळीत ती उभी, बोलणी ती खाणार. आणि पैसे कुठून? बचत गटातून. आम्ही एका गटाची कर्जाची वही पाहिली. कारणाच्या रकान्यात ‘घरखर्च’ असं लिहिलं होतं. विचारलं तर बऱ्याच जणींची ती घरपट्टी होती. म्हणजे कर्ज बाईच्या नावावर, त्याचं व्याज बाईच्या माथ्यावर आणि पावती नवऱ्याच्या नावाची. तेव्हापासून आमच्या गटांनी ठरवलं, कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहायचं. ‘घरपट्टी, अमुक साल.’ ही वही उद्या कुठे ना कुठे बोलेल.

पट्टी वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरपर्यंत भरली तर सूट मिळते. ऊसतोडीला जाण्याआधी भरणं सगळ्यात सोयीचं. गटानं भाद्रपदातच सगळ्यांची बिलं गोळा करून एकत्र भरायला हरकत नाही. दाखला नाकारला तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नमुना आठचा उतारा, निराधार असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवा म्हणून जाहीर झाल्या आहेत. ते उपकार नाहीत. अर्ज द्या, पोच घ्या. भाऊसाहेब चिडले तर चिडू देत. त्यांचं पदनाम आता ग्रामसेवकाऐवजी ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण पोच देण्याचं काम तेच आहे.

आमच्या पैशांचा हिशोब

कुणी म्हणेल, मग पट्टी भरूच नये. मी तसं म्हणणार नाही. घरपट्टी हे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. वरून येणारा निधी योजनेच्या नावानं बांधून येतो. गावाच्या हातातला पैसा हाच. आणि या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के खर्च महिला व बालकल्याणावर करायचा असतो. समजा उत्पन्न ४ लाख झालं, तर ४० हजार आपले. वसुली कमी झाली तर आपलाही वाटा कमी होतो.

पण या दहा टक्क्यांचं काय होतं? एका गावात त्यातून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्या मंगल कार्यालयात गेल्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती बहुतेक गावांत वहीवरच होते. शिपाई घरोघर वही फिरवून अंगठे आणतो. यापुढे आपल्यापैकी कुणीही सभा न होता सही करायची नाही. सभा घ्या म्हणायचं, आणि तिथे दोनच प्रश्न विचारायचे. यंदा घरपट्टी किती जमली? त्यातले दहा टक्के कशावर खर्चले? उत्तर ठरावात लिहून घ्यायचं.

चुन्याची रेघ

आणखी एक गोष्ट, आणि ही घाईची आहे. नमुना आठनं मालकी सिद्ध होत नाही असं मी म्हणाले. गावठाणातल्या घरांना शेतासारखा सातबाराच नव्हता. आता २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होते आहे. आधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढतात, मग ड्रोन उडतं, मग चौकशी होऊन मिळकत पत्रिका आणि सनद तयार होते. या चौकशीत ग्रामपंचायतीचे उतारे समोर येतात. म्हणजे आज नमुना आठमध्ये जी चूक आहे, ती उद्या पक्क्या कागदावर उतरू शकते.

आमच्या एका गावात चुना टाकायला माणसं आली तेव्हा सगळे पुरुष हद्दीवरून भांडत होते. नावाचं कुणी बोललं नाही. बाया चुना तुडवला जाऊ नये म्हणून कोंबड्या हाकत होत्या. तुमच्या गावात मोजणी झाली नसेल, तर चौकशीच्या दिवशी कोंबड्या सोडून कागद घेऊन उभ्या राहा. विधवा असाल तर वारस म्हणून अर्ज द्या. नवरा राजी असेल तर दोघांच्या नावाचा अर्ज द्या. मोजणी झाली असेल तर पत्रिका मागून बघा, आणि चूक असेल तर हरकत घ्या.

ज्यांचं घर गायरानावर किंवा सरकारी जागेवर आहे, त्यांना एक सावधगिरी सांगते. तिथेही पट्टी घेतात, नोंदही होते. पण पट्टी घेतली म्हणून जागा नियमित झाली असं नाही. तो वेगळा लढा आहे, आणि त्यात पावती एवढंच सांगते की तुम्ही तिथे किती वर्षं राहता. तेवढ्यासाठी ती जपा.

आणि ज्यांचं नाव कुठेच नाही, नवरा राजी नाही, घरातून हाकलायला बसलेत, त्यांनी २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा विसरू नये. ज्या घरात नातं म्हणून राहिलात, त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. पण डोक्यावरचं छप्पर टिकलं तर पुढचं भांडता येतं.

मावशींचं काय झालं?

आम्ही नमुना आठचा जुना उतारा काढला. घर मूळ सासऱ्यांच्या नावावर होतं. ते वारले मावशींचे यजमान गेल्यानंतर. त्यांच्या मागे दिरानं एकट्याचं नाव लावून घेतलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, बापाच्या आधी वारलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. म्हणजे मावशी वारस होत्या, आणि वारसांना न विचारता नोंद झाली होती. आम्ही हरकत घेतली. पंचायतीच्या खेटा घातल्या, सात महिने. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली खोल्या न काढून घेण्याचा आदेश मिळाला. शेवटी मासिक सभेत ठराव झाला आणि वहीत मावशींचं नाव चढलं, दिराच्या नावाखाली.

घराच्या वाटणीचा दावा अजून चालू आहे. नोंद झाली म्हणून घर मिळालं असं मी तुम्हाला सांगणार नाही, एकदा तसं सांगून चुकले आहे. पण पुढच्या वर्षीची पावती मावशींच्या नावाची आली. त्यांनी ती मला दाखवायला आणली आणि विचारलं, “आता तरी हिचा उपयोग हाय का?” मी म्हणाले, “मावशी, एकटीचा नाही. पण हिच्याबरोबर नमुना आठ आहे, वारसाचा ठराव आहे, कोर्टाचा आदेश आहे. सगळे मिळून आहे.” त्यांनी मान हलवली आणि पावती ट्रंकेत ठेवली. या वेळी बाकीच्या कागदांसोबत.

मैत्रिणींनो, आपण काल म्हटलं की घर हे बाईवरच्या हिंसेचं ठिकाण आहे. त्या घराच्या वहीत आपलं नाव नसेल, तर ‘निघ’ म्हणणं फार सोपं जातं. म्हणून हा पट्टीचा विषय कालच्या विषयाला धरूनच आहे.

पुढचं शिबिर तीन महिन्यांनी आहे. येताना प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना आठचा उतारा आणायचा, मागून, पोच घेऊन. ज्यांना मिळणार नाही त्यांनी नकाराचा कागद आणायचा. आणि आपल्या गावातल्या निदान पाच बायांना त्यांच्या घराचा भोगवट्याचा रकाना वाचून दाखवायचा. त्यात ‘स्वतः’ लिहिलं असेल तर त्यांना विचारायचं, हे स्वतः म्हणजे कोण?

त्यांची उत्तरं लिहून आणा. पुढच्या शिबिराची सुरुवात आपण त्यांनीच करू.